दोनशे एकोणीस ग्रॅमची तूट

माझ्यावर चोरीचा आळ आला तो श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी, तोही उपवासाच्या पोटी. धामणटेकच्या आरोग्य केंद्रात मी औषधनिर्माती आहे, एकवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत कापसाचा बोळासुद्धा घरी नेला नाही. आणि जिल्ह्याच्या औषधभांडाराची नोटीस सांगत होती, 'मॅग्नेशियम सल्फेट, डबा क्रमांक चार. नोंद पाचशे ग्रॅम. प्रत्यक्ष वजन दोनशे एक्क्याऐंशी. तूट दोनशे एकोणीस. भाग्यश्री खोत यांनी सात दिवसांत लेखी खुलासा करावा.'

"एवढं मॅग्नेशियम मी काय भाकरीबरोबर खाल्लं?" मी फरजानाला विचारलं. फरजाना मुल्ला ही आमच्या केंद्राची परिचारिका. गेली दोन वर्षं इथं डॉक्टरांची जागा रिकामी असल्यामुळे केंद्र म्हणजे आम्ही दोघी, एक यंत्र आणि पडद्यावर दिसणारे जिल्ह्याचे डॉक्टर.

"रेचक असतंय ते, अक्का," ती म्हणाली. "खाल्लं असतंस तर साऱ्या गावाला कळलं असतं."

घाटमाथ्यावरच्या एकेचाळीस केंद्रांतल्या औषधनिर्मात्यांचा आमचा एक ग्रुप आहे. त्यावर मी नोटिशीचा फोटो टाकला. खडकओहोळच्या दिग्विजय सुतारचं लगेच उत्तर आलं, 'अक्का, मलाबी आलीया. दोघं मिळून कारखाना काढूया.' आणखी तिघाचौघांनी हसरे चेहरे टाकले. मी रागाच्या भरात खुलासा लिहिला, 'डबा साफ करताना सांडले असावे', आणि पाठवून दिला. लिहिताना मला माहीत होतं की चिमूटभरही सांडलं नव्हतं. पण मग ते गेलं कुठं, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. चोर म्हटलं की माणसाची अक्कल आधी रागावते आणि मग कामाला लागते.

यंत्राबद्दल सांगायला हवं. मात्रायंत्र आमच्याकडे येऊन चार वर्षं झाली. कपाटाएवढं आहे, त्यात चोवीस मोहोरबंद डबे, आणि प्रत्येकाचं वजन यंत्र परस्पर जिल्ह्याच्या भांडाराला कळवतं. डॉक्टर आता औषध मिलिग्रॅममध्ये लिहीत नाहीत, मिलिमोलमध्ये लिहितात, कारण शरीराला वजन कळत नाही, संख्या कळते. किती कण आले, तेवढाच परिणाम. मोल म्हणजे कण मोजायची एक ठरीव संख्या. बांगड्यांचा डझन असतो तशी, फक्त अफाट मोठी. डझनभर काचेच्या बांगड्या आणि डझनभर सोन्याच्या पाटल्या, दोन्ही बाराच. तराजूत मात्र निराळ्या. एका मोलाचं जे वजन, ते त्या पदार्थाचं मोलर वस्तुमान. डॉक्टरांनी सांगितलं सोळा मिलिमोल, की यंत्र डब्यावरच्या चकतीत लिहिलेलं मोलर वस्तुमान वाचतं, गुणाकार करतं, तेवढी पावडर तोलतं, विरघळवतं, गाळतं, निर्जंतुक करून सिरिंजमध्ये भरून देतं. चूक शून्य. निदान माहितीपत्रकात तसं छापलेलं आहे. आम्हाला एकच ताकीद होती, डब्याच्या आतल्या मालाला हात लावायचा नाही.

मी लावला होता. नोटिशीच्या आठ दिवस आधी.

आमच्याकडे श्रावणात भिंती घाम गाळतात. काडेपेटी पेटत नाही, पापड चामड्यासारखे होतात. घरोघरी बायका मीठ तव्यावर भाजून घेतात, नाहीतर बरणीत नुसता चिखल. तसा डबा क्रमांक चार दमटला, त्यात खडा धरला आणि यंत्रानं तो नाकारला. नवा डबा यायला बारा दिवस, कारण घाटात दरड. तालुक्यात पाच बाया दिवस भरत आलेल्या. कुणाचा रक्तदाब वाढून झटके आले तर हेच औषध लागतं. बारा दिवस थांबायचं कशाच्या जिवावर? मी साफसफाईचा सांकेतिक क्रमांक टाकून डबा काढला, सगळी पावडर स्टीलच्या ट्रेमध्ये पसरली आणि काचेची भांडी निर्जंतुक करायच्या भट्टीत दोन तास ठेवली, एकशे साठ अंशांवर. ती आधी पाझरली, फेसाळली, मग तिची पांढरी खरवड झाली. मी ती खलात कुटून, चाळून पुन्हा डब्यात भरली. यंत्रानं मुकाट्यानं घेतली. आईनं मीठ भाजताना जे केलं असतं तेच मी केलं, आणि त्या दिवशी मला स्वतःचं कौतुकही वाटलं.

नोटीस आली त्याच आठवड्यात, गुरुवारी सकाळी दहाला माझी धाकटी बहीण जयश्री तिच्या पोरीला घेऊन आली. ईश्वरी माझी एकुलती एक भाची, चौतिसावा आठवडा, पहिलटकरीण. पाय सुजलेले, डोकं ठणकत होतं, डोळ्यांपुढे काजवे. रक्तदाब एकशे सत्तरवर एकशे बारा.

"मावशी, घाबरायचं न्हाई ना?" ईश्वरीनं विचारलं.

"घाबरायचं काम माझं आणि तुझ्या आईचं. तू फक्त डाव्या कुशीवर पड."

पडद्यावर डॉक्टर निंबाळकर आले. भला माणूस, पण एका वेळी नऊ केंद्रं सांभाळणारा. त्यांनी रक्तदाबाची गोळी सांगितली आणि झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम, आधी सोळा मिलिमोल, मग ताशी आठ. घाट बंद असल्यानं गाडी येणार नव्हती आणि धुक्यात ड्रोनही उडत नव्हतं. दरड संध्याकाळपर्यंत हटवू, असं बांधकामवाले म्हणत होते.

यंत्र घुरघुरलं. हिरवा दिवा लागला. 'मात्रा अचूक : १००%.' डबा परत लावल्यापासून त्यातून निघालेली ही पहिलीच मात्रा. सिरिंज शिरेत सावकाश औषध सोडणाऱ्या पंपाला मीच लावली.

दुपारी एकपर्यंत सगळं ठीक वाटलं. रक्तदाब उतरला. अंग गरम लागतंय म्हणाली. या औषधानं लागतं. जया पायथ्याशी बसून तिचे तळवे चोळत होती. अडीच वाजता ईश्वरी म्हणाली, "मावशी, तू दोन दिसतीयास." जीभ जड झाली होती. पापण्या मिटत होत्या.

फरजानानं तिचा पाय गुडघ्यात वाकवला, खाली हात धरला आणि दुसऱ्या हाताच्या कडेनं गुडघ्याच्या वाटीखाली टिचकावलं. ही तपासणी नियमातून कधीच काढून टाकलेली आहे. मोल मोजून दिलेत म्हटल्यावर गुडघे कशाला ठोकायचे? पण फरजाना दर तासाला ठोकते. तिला शिकवणाऱ्या सिस्टरनं लावलेली सवय.

पाय हलला नाही. तिनं दुसरा बघितला. तोही नाही.

"अक्का, दीडला उडत होता," ती हळूच म्हणाली. "श्वास बाराच हाय. सकाळी अठरा होता. लघवीबी लई कमी झालीया. औषध जास्त झालंय गं."

आम्ही डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी यंत्राची नोंद पाहिली. "हिशेबानं रक्तातली पातळी अगदी हवी तेवढीच आहे. मात्रा शंभर टक्के अचूक दाखवतंय. रात्रभर झोप नाही, थकली असेल. आणि भाग्यश्रीताई, औषध बंद केलं आणि झटका आला, तर तिथं तुमच्याकडे काहीच नाही. आई आणि बाळ दोन्ही जातील. सुरू ठेवा. मी दहा मिनिटांत पुन्हा बघतो."

पडदा दुसऱ्या केंद्राकडे गेला.

मॅग्नेशियम जास्त झालं की आधी गुडघा जातो, मग श्वास, मग हृदय. कमी पडलं तर झटका. एका बाजूला यंत्राचा हिरवा दिवा, दुसऱ्या बाजूला फरजानाचा तळहात. रक्तातलं मॅग्नेशियम मोजायची सोय घाटाखाली. जया एकदा माझ्याकडे बघत होती, एकदा पोरीकडे.

"काय झालंय, भाग्या? सांग की!"

"थांब जरा," मी म्हणाले आणि यंत्राजवळ आले. काय चुकलं असेल? तोलणं चुकत नाही. गुणाकार चुकत नाही. मग यंत्र कोणत्या आकड्यानं गुणतं? डब्यावरच्या चकतीवर लिहिलं होतं, 'मॅग्नेशियम सल्फेट हेप्टाहायड्रेट'. हेप्टा म्हणजे सात. प्रत्येक कणाबरोबर पाण्याचे सात रेणू बांधलेले.

बांधलेलं पाणी. दमटपणाचं नव्हे, स्फटिकाच्या आतलं.

भट्टीत पावडर पाझरलेली, फेसाळलेली मला डोळ्यांसमोर दिसली. मी हवेतलं पाणी घालवत होते की पावडरीच्या हाडातलं?

केसपेपर उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहू लागले. मोलर वस्तुमान हातानं काढून मला वीस वर्षं झाली असतील. मॅग्नेशियम चोवीस. गंधक बत्तीस. ऑक्सिजन चार, सोळाप्रमाणे चौसष्ट. झाले एकशे वीस. सात पाणी, अठराप्रमाणे एकशे सव्वीस. एकूण दोनशे शेहेचाळीस. यंत्र या आकड्यानं गुणत होतं. पण माझ्या पावडरीत सातातली किती उरली? सगळी गेली असतील, की दोनच? हे कळल्याशिवाय डॉक्टरांना काय सांगणार? 'मला वाटतं' म्हणून पंप बंद करता येत नाही.

आणि मग मला ती नोटीस आठवली.

पाचशेतले दोनशे एकोणीस. सांडलं नव्हतं. कुणी नेलं नव्हतं. ते पाणी होतं! कणांची संख्या होती तेवढीच राहिली, उडाला तो फक्त त्यांच्याभोवतीचा भार. बांगड्यांच्या खोक्यातला गवताचा पेंढा काढून टाकला तर खोकं हलकं होतं, बांगड्या कमी होत नाहीत. पण मग कुणी पूर्वीच्याच वजनानं तोलून द्यायला लागला, तर गिऱ्हाइकाच्या पदरात बांगड्या जास्त पडतात.

आकडे वाकडे येत होते. दोनशे एकोणीस भागिले पाचशे, गुणिले दोनशे शेहेचाळीस. एकशे सात पूर्णांक सात. म्हणजे एकशे आठच. आम्हा लोकांना हा आकडा रुग्णवाहिकेचा म्हणून पाठ, आणि रुग्णवाहिका तर दरडीपलीकडे उभी होती. एकशे आठ भागिले अठरा.

सहा. बरोबर सहा. इतकं नेमकं उत्तर आलेलं बघून मला रडूच फुटलं. सात पाण्यांतली सहा मी भट्टीत उडवली होती. उरलेल्याचं मोलर वस्तुमान एकशे अडतीस. यंत्रानं सोळा मिलिमोल समजून दिले, ते प्रत्यक्षात साडेअठ्ठावीस. ताशी आठ म्हणून जे जात होते ते चौदाच्या वर. चार तास. भाचीच्या अंगात पावणेदोन पटीहून जास्त औषध मी घातलं होतं, हिरव्या दिव्याच्या साक्षीनं.

मी धावत जाऊन पंप बंद केला. पंप किंचाळायला लागला.

"श्वास दहा," फरजाना म्हणाली. तिनं ईश्वरीच्या नाकाला ऑक्सिजनची नळी लावली. "कॅल्शियम पायजे, अक्का. आत्ता."

मॅग्नेशियमवर उतारा म्हणजे कॅल्शियम ग्लुकोनेट. तेही यंत्रातच, डबा अकरा. मी मागितलं. पडद्यावर आलं, 'रुग्णाची पातळी योग्य. उतारा नाकारला. आग्रह असल्यास कारण निवडा : यंत्रातील दोष, किंवा कर्मचाऱ्याची चूक.'

बोट 'यंत्रातील दोष'कडे गेलं होतं, हे मी लपवत नाही. निवृत्तीला तीन वर्षं राहिलेली. कुणालाही कळलं नसतं. उरलेली पावडर मोरीत ओतायला किती वेळ लागतो? पण त्या ओळीखाली बारीक अक्षरांत होतं, 'यंत्र स्वतःची तपासणी करेल. अंदाजे वेळ चाळीस मिनिटं.' दुसऱ्या ओळीखाली होतं, 'डबा तत्काळ खुला. परवाना तत्काळ स्थगित. नोंद मागे घेता येणार नाही.'

मागं फरजाना मोजत होती. "नऊ."

मी दुसऱ्या ओळीवर अंगठा ठेवला.

तेवढ्यात डॉक्टर पडद्यावर परतले. "पंप कुणी बंद केला?"

"मी. डबा चार मी भट्टीत भाजला होता, सर. सहा पाणी उडालंय. एक पूर्णांक अठ्ठ्याहत्तर पट गेलंय तिला. हिशेब माझ्या हातात आहे."

मला शिव्या द्यायला त्यांच्याकडे पुष्कळ कारणं होती. "कॅल्शियम द्या," ते म्हणाले. "एक ग्रॅम, दहा मिनिटांत, सावकाश. नाडीवर नजर ठेवा. मी आता कुठं जात नाही."

यंत्राला ग्रॅम कळत नाही. पुन्हा केसपेपर. डब्यावरचं मोलर वस्तुमान चारशे अठ्ठेचाळीस, हजार मिलिग्रॅमला भागलं, दोन पूर्णांक दोन मिलिमोल. आकडा टाकताना मला दरदरून घाम आला. हा डबा तरी मी उघडला नव्हता ना? नव्हता. तरी मी मोहोर दोनदा बघितली.

फरजानानं सुई लावली. मी वळले तर जया माझ्या मागंच उभी. तिनं सगळं ऐकलं होतं.

"तू माझ्या पोरीला काय घातलंस?"

"औषध. जास्त. माझ्या चुकीनं."

ती बोलली असती, कानाखाली मारली असती, तर बरं वाटलं असतं. आई गेल्यावर मी तिला वाढवलेलं. आठवीपर्यंत तिच्या वेण्या मी घातल्या. ती जाऊन पोरीच्या पायाशी बसली आणि दोन्ही पावलं तिनं पोटाशी धरली.

दहा मिनिटं म्हणजे किती, हे मला त्या दिवशी समजलं. श्वास नऊ. पुन्हा नऊ. मग दहा. पोटावर लावलेल्या यंत्रातून बाळाचे ठोके ऐकू येत होते, आणि तेवढाच एक आवाज खोलीत सरळ चाललेला होता. बारा. ईश्वरीनं डोळे किलकिले केले. फरजानानं गुडघ्याखाली हात घातला आणि टिचकावलं.

काही नाही.

"थांब," ती म्हणाली, "घाई नगं." तिनं दोन मिनिटं जाऊ दिली आणि पुन्हा मारलं.

पाऊल जयाच्या पोटाशी हललं. जेमतेम बोटभर. जया एकदम रडायला लागली. "हलला गं! मला लागला पाय!"

मी भिंतीला टेकून खाली बसले. बसल्या जागी खिशातला फोन वाजला. 'आपला परवाना स्थगित करण्यात आला आहे.' अशा कामात सरकार किती तत्पर असतं! बरं, निदान चोर म्हणून नाही गेला, असं काहीतरी खुळ्यासारखं मनात आलं. आणि चोर या शब्दासरशी मी ताठ बसले.

'अक्का, मलाबी आलीया.'

नोटीस मला एकटीला आली नव्हती. मीठ भाजायची रीत काय फक्त माझ्या आईची होती? सगळ्या घाटमाथ्यावर श्रावण होता, सगळीकडे डबे दमटलेले, सगळीकडे त्याच भट्ट्या आणि माझ्यासारखीच शहाणी माणसं. भांडाराला तूट दिसली की चोर दिसतो. त्याला तेवढंच शिकवलंय. आणि प्रत्येकानं खुलाशात लिहिलं असणार, 'सांडले असावे'.

मी ग्रुपवर लिहिलं, 'मॅग्नेशियम भट्टीत वाळवलं असेल तर वापरू नका. वजन घटलं, मोल नाही. मी भाचीला जास्त दिलं. माझी चूक. तूट तपासा.' केसपेपरवरच्या हिशेबाचा फोटो जोडला. डॉक्टरांनाही सांगितलं, ते तिकडे भराभर फोन करायला लागले, पण त्यांच्याकडची नऊ सोडली तर बाकीच्या केंद्रांचे डॉक्टर निराळे. माझा संदेश पाच मिनिटांत फक्त सात जणांनी वाचला होता. आमच्याकडे रेंज म्हणजे नवसाची. संदेश पोचत नाही, फोन लागला तर लागतो. मी एकेक नंबर लावत बसले. पहिला लागला नाही. दुसरा लागला नाही.

जया पायथ्यावरून उठली. माझ्याकडे न बघता तिनं हात पुढं केला.

"निम्मी नावं मला दे."

"जया, तू पोरीपाशी बस..."

"फरजाना हाय तिच्यापाशी. बोलू नगंस माझ्याशी, भाग्या. नुसते नंबर सांग."

मी नंबर सांगितले. ती खिडकीशी, जिथं रेंजच्या दोन काड्या येतात, तिथं उभी राहून लावू लागली. डोळे पुसत, पण आवाज खणखणीत. "धामणटेकहून बोलतीया. तुमचं मॅग्नेशियम भाजलंय काय?"

माझ्या फोनवर दिग्विजयचं नाव उजळलं. तोच करत होता.

"अक्का, संदेश बघितला." तो हसत नव्हता. "मी भट्टीत न्हाई, शेगडीवर परतलं होतं. पर वाळवलंय."

"तुझी तूट किती, दिगू?"

"दोनशे दहा."

"आणि आत्ता कुणाला लावलंय?"



"सकाळपास्नं एक बाई हाय," तो म्हणाला. "आता निवांत झोपलीया बघ."

"झोपली न्हाई ती, दिगू. धाव. आधी पंप बंद कर, मग गुडघ्यावर मार आणि पाय हलतोय का सांग. उताऱ्याला यंत्र कारण विचारंल, तवा खरं तेच दाब. मी फोन ठेवत न्हाई."

फोनमधून त्याच्या पळणाऱ्या चपलांचा आवाज येऊ लागला.